महाराष्ट्र पाहायला निघण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या सहली फसतात त्या बहुधा जागा चुकल्यामुळे नाही, तर दिवस, महिना किंवा तास चुकल्यामुळे. सोमवारी अजिंठा, ऑक्टोबरअखेर कास, भरतीच्या वेळी अलिबागचा किल्ला असे बेत आखणारे दरवर्षी भेटतात. खालची उत्तरे त्यांच्यासाठी आणि तसे होऊ नये असे वाटणाऱ्यांसाठी.

चार दिवसांची सुट्टी आहे. सगळा महाराष्ट्र कसा बसवायचा?

बसवू नका. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आहे. तारकर्लीचा समुद्र आणि ताडोबाचा वाघ एकाच सहलीत आणायचा म्हणजे दोन दिवस गाडीतच गेले. चार दिवसांना एकच टापू निवडा: अजिंठा, वेरूळ, देवगिरी आणि लोणार, किंवा सातारा, कास आणि प्रतापगड, किंवा मालवण, विजयदुर्ग आणि रत्नागिरीची कातळशिल्पे. घाटातल्या प्रवासाला नकाशा दाखवतो त्याच्या सव्वापट वेळ धरावा, पावसाळ्यात दीडपट.

कोणत्या महिन्यात काय पाहावे?

लेणी आणि जलदुर्ग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाघ मार्च ते मे, कारण पाणवठे आटतात आणि गवत बसते. काजवे मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरी. सह्याद्रीतले धबधबे जुलै-ऑगस्ट, रानफुले सप्टेंबर. किल्ल्यांना सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते जानेवारी: हवा स्वच्छ, वाटा कोरड्या, गवत अजून हिरवे आणि टाक्यांना पाणी. एप्रिल-मेमध्ये वेरूळ करायचेच असेल तर सकाळी ११ च्या आत आटपा; त्यानंतर काळा दगड तापतो आणि अनवाणी पायांना तो लगेच कळतो.

अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात होतात का?

होत नाहीत. अजिंठा छत्रपती संभाजीनगरपासून १०० किलोमीटरवर ईशान्येला, वेरूळ ३० किलोमीटरवर वायव्येला. एका दिवसात दोन्ही केलेत तर दोन्हीकडची फक्त प्रवेशद्वारे पाहून याल.

खरा घोळ साप्ताहिक सुट्टीचा होतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकली असेल तर सोमवार वेरूळला द्या. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम चालतो. उलटा क्रम लावला की दोन्ही दिवशी दार बंद. दोन्हीकडे भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत. रांग टाळायची तर तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. लेण्यांजवळ मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

अजिंठ्याला पोहोचायचे कसे आणि आत गेल्यावर कोणत्या क्रमाने पाहायचे?

रेल्वेने येणाऱ्यांना जळगाव जवळ पडते, सुमारे ६० किलोमीटर. जळगाव ते संभाजीनगर मार्गावरची एसटी फर्दापूरच्या फाट्यावर सोडते. खासगी गाडी तिथल्या वाहनतळावरच ठेवावी लागते. पुढचे ४ किलोमीटर एसटीच्याच बसने जायचे. या बसचे तिकीट वेगळे. परतीच्या बसला दुपारी चारनंतर गर्दी होते, तेव्हा शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नका.

वाघोरा नदीच्या नालाच्या आकाराच्या वळणावर ३० लेणी आहेत. फाटकातून आत आलेला प्रत्येक गट लेणे क्रमांक १ आणि २ मध्ये घुसतो, आणि सकाळी दहाला तिथे उभे राहायलाही जागा नसते. त्यामुळे सरळ टोकाला, २६ व्या लेण्याकडे चालत जा. तिथे डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाची निजलेली बुद्धमूर्ती आहे, सुमारे सात मीटर लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर आनंदलेले देव. मग १९ व्या चैत्यगृहाचे दर्शनी कोरीवकाम, १७ आणि १६ ची चित्रे, १० आणि ९ ही सातवाहनकाळातली जुनी चैत्यगृहे, आणि शेवटी २ व १. तोवर गर्दी पुढे सरकलेली असते. पहिल्या लेण्यातले पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र निवांत पाहायचे असेल तर हाच मार्ग.

दहाव्या लेण्याच्या एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे शोधताना मान वर करावी लागते, कारण त्या वेळी लेण्यात पुरुषभर राडारोडा साचलेला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. त्याचे नाव इतिहासात गेले म्हणून आपलेही कोरायची गरज नाही. संरक्षित स्मारकावर कोरणे हा गुन्हा आहे.

चित्रे इतकी काळपट का दिसतात? नीट कशी पाहायची?

आधी डोळ्यांना तीन-चार मिनिटे द्या. बाहेरच्या उन्हातून आत येऊन लगेच "काही दिसत नाही" म्हणत परत फिरणारे पुष्कळ. मोबाइलचा टॉर्च लावू नका. फ्लॅशला बंदी आहे. रंगांना प्रकाश सोसत नाही म्हणून आतले दिवे मुद्दामच मंद ठेवलेले आहेत.

आता भिंतीकडे जवळून पाहा, जिथे गिलावा उडाला आहे तिथे. खाली छिन्नीचे खडबडीत घाव दिसतील. ते कारागिरांनी गुळगुळीत केले नाहीत, कारण गिलाव्याला पकड हवी होती. त्यावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला जाड थर, त्यावर बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात. हे सगळे वाळल्यावर तांबड्या रेषेने आखणी आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. काव, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे सगळे जवळपासचे. निळा मात्र लाजवर्द या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानच्या बाजूने आलेला. ओल्या चुन्यावर काढलेली भित्तिचित्रे चुन्यातच मुरतात. इथले रंग कोरड्या पृष्ठभागावर नुसते बसलेले आहेत, म्हणून हात लागला की निघतात.

तूस आणि तंतू किडींना आवडतात, पावसाळ्यातला दमटपणा मातीला फुगवतो, वटवाघळांच्या विष्ठेने डाग पडतात. त्यात १९२० च्या दशकात निजाम सरकारने इटलीहून आणवलेल्या तज्ज्ञांनी चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. तो काळानुसार पिवळा-तपकिरी पडला आणि त्याने धूळ धरली. आज जो काळपटपणा दिसतो त्यातला मोठा वाटा या लेपाचा. हेतू चांगला होता, एवढेच म्हणता येते.

वेरूळला ३४ लेणी आहेत. सगळी पाहावीत का?

पाच तास असतील तर पाहा. नसतील तर सातच निवडा. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. बौद्धांपैकी १० वे, ज्याला सुतार लेणे म्हणतात: छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत, जणू सुताराने घर बांधले. १२ वे तीन मजली. हिंदूंपैकी १५, १६, २१ आणि २९. जैनांपैकी ३२ वी इंद्रसभा. जैन लेणी उत्तरेला बरीच लांब आहेत. उन्हात चालण्यापेक्षा वाहनाने जा आणि परत या.

१६ वे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झाले. बांधकाम नव्हे, उलट काम: डोंगरात वरून तीन बाजूंनी खंदक खणले, मधे एक प्रचंड ठोकळा सुटा ठेवला आणि शिखरापासून पायाकडे कोरत आले. त्यामुळे परांची बांधावी लागली नाही, पण चुकलेला दगड बदलण्याची सोयही राहिली नाही. खालून पाहताना हे डोक्यात शिरत नाही. बाजूच्या टेकडीवर चढणारी वाट धरा आणि कड्यावरून खाली पाहा; शिखर तुमच्या नजरेच्या पातळीवर येते आणि भोवतीच्या कातळाच्या भिंती किती उंच आहेत ते कळते. पावसाळ्यात ही वाट निसरडी असते, काठावर सगळीकडे कठडा नाही.

वेळेबद्दल: लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत. मूर्तींवर थेट ऊन दुपारनंतर येते, म्हणून छायाचित्रे काढणाऱ्यांनी कैलास दुपारी तीननंतर ठेवावा. बाकीच्यांनी सकाळी आठच्या आत पोहोचावे.

जवळच घृष्णेश्वराचे मंदिर आहे. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते. वाटेवर देवगिरीचा किल्ला. त्याला तीन तास वेगळे काढा, कारण अंधारी (काळोखी भुयारी वाट) आणि वरची बारादरी घाईत होत नाही.

घारापुरीची लेणी मुंबईतून अर्ध्या दिवसात होतात का?

होतात. गेटवे ऑफ इंडियाहून लाँच साधारण तासाभरात पोहोचवते. सोमवारी लेणी बंद असतात. धक्क्यापासून वर सुमारे १२० पायऱ्या आहेत. माकडे खाण्याच्या पिशव्या ओळखतात, तेव्हा हातात काही धरू नका. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच अचानक रद्द होतात.

लोणारचे पाणी गुलाबी दिसते का?

एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले आणि ती छायाचित्रे इतकी फिरली की लोक तोच रंग पाहायला येतात. पाणी खूप आटून क्षार वाढले आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. पाऊस पडून पातळी वाढल्यावर रंग गेला.

जावे ते विवरासाठी. अशनी आदळून काळ्या बेसॉल्टमध्ये तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर जगात विरळा. चंद्रावरची काही विवरेही बेसॉल्टमध्ये असल्याने शास्त्रज्ञ इथे अभ्यासाला येतात. वय आधी सुमारे ५० हजार वर्षे मानत, आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. काठावरच्या गोमुखातून मात्र गोड्या पाण्याची धार पडते. २०२० पासून हे रामसर यादीतले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ आहे. उतरायला सकाळी सातला सुरुवात करा, पाणी जवळ ठेवा आणि सरोवराच्या काठचा चिखल टाळा. वरून कोरडा दिसतो, पाय घोट्यापर्यंत जातो. गावातले दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

युनेस्कोच्या यादीतले किल्ले कोणते? सुरुवात कोणत्यापासून करावी?

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ल्यांची नोंद झाली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतला जिंजी.

घरातली वयस्कर माणसे बरोबर असतील तर पन्हाळा: गाडी थेट वर जाते. मुलांना पहिला किल्ला दाखवायचा तर लोहगड किंवा शिवनेरी, दोन्हीकडे चांगल्या पायऱ्या. पाय तयार असतील तर राजगड. गुंजवण्याहून चोरदरवाजाने चढताना शेवटचा टप्पा रेलिंग धरून करावा लागतो. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. त्याला पूर्ण दिवस द्या.

रायगडला साधारण दीड हजार पायऱ्या आहेत, दीड ते दोन तास लागतात. रोपवे काही मिनिटांत वर नेतो, पण सुट्टीच्या दिवशी त्याच्या रांगेत तेवढेच दोन तास जातात. चढताना पायऱ्या आणि उतरताना रोपवे हा हिशेब गुडघ्यांनाही बरा. ६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी या राज्याभिषेकाच्या दोन्ही दिवसांना गडावर अफाट गर्दी असते. सोहळा पाहायचा असेल तरच तेव्हा जा. गड पाहायचा असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी.

वर गेल्यावर बहुतेक जण राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ, टकमक टोक करून परततात. जगदीश्वराच्या मंदिराची पायरी मात्र वाकून पाहायची असते. तिच्यावर कोरले आहे: "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर." ज्याने गड बांधला त्याने स्वतःचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली लावले. समोरच्या भिंतीतला मोठा शिलालेख सगळे वाचतात, ही ओळ ओलांडून पुढे जातात. तिच्यावर पाय देऊ नका.

किल्ल्यांवर इतके उंच पाणी कसे टिकते? ते प्यावे का?

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा डोंगर. कठीण, भेगा कमी असलेला थर उभा कडा होतो. त्यावरचा मऊ, झिजणारा थर मागे सरकून माची सोडतो. म्हणून कडा, माची, पुन्हा कडा आणि वर बालेकिल्ला अशी रचना निसर्गानेच केलेली असते, गडकऱ्यांनी तटाने फक्त उघड्या फटी बुजवल्या. त्या कठीण थरात खोदलेले टाके गळत नाही. टाके खोदताना निघालेला दगड तटाला वापरला, एका कामात दोन कामे. कातळाच्या पोटात, खांब ठेवून कोरलेल्या टाक्यांना खांबटाके म्हणतात. त्यांवर ऊन पडत नाही, त्यामुळे पाणी उन्हाळ्यातही थंड राहते.

प्यायचे तर गावकऱ्यांना विचारून, पिण्याच्या टाक्याचेच, आणि गाळून, उकळून. माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. टाक्यात पोहणे, पाय धुणे, ताटे धुणे यासारखा अडाणीपणा नाही. वर राहणाऱ्या पुजाऱ्याचे आणि गुराख्याचे ते वर्षभराचे पाणी असते.

पावसाळ्यात किल्ल्यावर जाणे सुरक्षित आहे का?

लोहगड, शिवनेरी, पन्हाळ्याला काळजी घेऊन जाता येते. कातळातल्या उभ्या पायऱ्यांचे आणि ओढे ओलांडून जायचे किल्ले जुलै-ऑगस्टमध्ये टाळावेत. अपघात तीन कारणांनी होतात: शेवाळावर पाय घसरणे, धुक्यात वाट चुकणे, आणि सकाळी घोटाभर असलेला ओढा दुपारी कमरेला लागणे. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहत आल्या की वर पाऊस झालेला आहे. त्याच क्षणी मागे फिरा किंवा उंच जागी थांबा. पाणी दोन-तीन तासांत उतरते.

जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात धोक्याच्या ठिकाणांवर बंदीचे आदेश काढतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तालुक्यातली बातमी पाहा.

कोरड्या महिन्यांतला धोका वेगळा: आग्या मोहोळ. कड्यावरच्या पोळ्याखाली शेकोटी, धूर, फटाके, आरडाओरडा नको, आणि अत्तर मारून येऊ नका. माश्या उठल्या तर हात न झटकता डोके-तोंड कापडाने झाकून वेगाने दूर जा. कड्याच्या बाजूला धावू नका.

कासची फुले नेमकी कधी?

सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा सर्वांत खात्रीचा. ऑगस्टअखेर सुरुवात होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ओसरते. पाऊस मधे आठवडाभर उघडला तर रंग चढतो. सतत झोडपत राहिला तर फुले लांबतात. साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटर. रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली आहे, प्रवेश ऑनलाइन आरक्षणाने, शनिवार-रविवार आधीच भरतात. मंगळवार-बुधवार घ्या, सकाळी नऊच्या आसपास पोहोचा.

तिथे जाऊन "फुले कुठे आहेत?" असे विचारणारे असतात, कारण त्यांनी गुडघाभर फुलांची कल्पना केलेली असते. कासची बरीचशी फुले बोटाच्या पेरापेक्षा लहान. जांभ्याच्या सपाट कातळावर मातीचा इतका पातळ थर की त्यात मोठे झाड उभे राहत नाही. वर्षाचे आठ महिने कोरडे, चार महिने चिखल. अशा जागी जगायचे तर लवकर फुलून बी टाकावे लागते. मातीत नत्र नाही म्हणून काही वनस्पती कीटक पकडतात: दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब पाहायला बसावे लागते, निळसर सीतेची आसवे तर गवतात नजर स्थिर केल्यावरच दिसतात. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद मात्र दुरूनही ओळखू येतात. टोपली कारवी दर सात वर्षांनी एकदाच फुलते.

आखलेली वाट सोडून एक पाऊल टाकले तरी तो पातळ थर दबतो आणि पुढच्या वर्षी तिथे उघडा दगड उरतो. सेल्फीसाठी फुलांत बसणाऱ्याला दंड होतो, आणि व्हायलाच हवा.

काजवे पाहायला कुठे जावे?

भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची. अमावास्येच्या जवळपासची रात्र, साडेसात ते दहा. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते एका लयीत लुकलुकतात. ही नराने मादीला घातलेली साद असते. गाडीचे दिवे, टॉर्च, फ्लॅश यांनी तो संवाद तुटतो. माद्या बऱ्याचदा गवतात असतात, म्हणून झाडाखाली तुडवत जाऊ नका. जोरदार मान्सून लागला की खेळ संपला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते म्हणतात. ओहोटीची वेळ कशी काढायची?

कोळ्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. दिवसातून अशा दोन भरत्या, एक मध्यरात्रीनंतर आणि दुसरी दुपारनंतर, आणि त्यांच्यामधे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी.

म्हणजे पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त ओसरते खरे, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, पण ती भांगाची. पाणी पुरते हटत नाही. सोयीचे दिवस तृतीया ते पंचमी: सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी. तिच्या तासभर आधी निघा आणि तिच्यानंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. पाणी समोरून नाही, दोन्ही बाजूंनी भरत येते, हे न कळल्याने माणसे मधे अडकतात. पावसाळ्यात हा हिशेब विसरा आणि जाऊच नका. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्याला एकदा विचारा. वाऱ्याने अर्धा तास पुढे-मागे होते.

सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याला होड्या कधी बंद असतात?

पावसाळाभर, साधारण मेअखेरीपासून समुद्र शांत होईपर्यंत. सिंधुदुर्गाला मालवणच्या धक्क्यावरून, जंजिऱ्याला राजपुरीहून. सिंधुदुर्गाचे बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले, पायाच्या दगडांत शिसे ओतले. होडीवाला परतीची वेळ देतो तेवढ्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि शिवराजेश्वराचे मंदिर होते. तटावरून पूर्ण फेरी मारायची असेल तर जास्त वेळ आधीच ठरवून घ्या.

कातळशिल्पे पाहायला काय करावे लागते?

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळपठारांवर, जांभ्या दगडात कोरलेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात इतर प्राणी. २०२२ पासून ही युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सकाळी आठपूर्वी किंवा संध्याकाळी पाचनंतर जा: तिरप्या उन्हात कोरीव रेषेत सावली पडते आणि आकृती उठून येते. भर दुपारी त्याच सड्यावर काहीच दिसत नाही. आकृती उठावदार व्हावी म्हणून खडू, रांगोळी, पाणी काही टाकू नका. बऱ्याच जागा खासगी सड्यांवर आहेत, गावातला माणूस बरोबर घ्या.

ताडोबाची सफारी कशी ठरवावी?

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद. बफर क्षेत्रात पावसाळ्यातही काही फाटके चालू असतात. आरक्षण ऑनलाइन, उन्हाळ्यातल्या सुट्ट्यांचे महिनोन्‌महिने आधी. आरक्षणात दिले तेच ओळखपत्र मूळ प्रतीत लागते. झेरॉक्स दाखवून परत पाठवलेले पर्यटक रोज असतात. मोहर्ली, कोलारा, नवेगाव ही फाटके एकमेकांपासून बरीच दूर आहेत, म्हणून आधी फाटक ठरवा आणि मग मुक्काम. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही. एकाच सफारीत वाघ दिसेलच असे नाही. तीन सफाऱ्या, त्यांपैकी दोन सकाळच्या, हा समंजस बेत. वाघाच्या नादात रानकुत्री, अस्वले आणि गवे पाहायचे राहू देऊ नका.

वारी एक दिवस पाहता येते का? की पूर्ण चालावे लागते?

एक दिवसही चालता येते. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माउलींची आळंदीहून अष्टमीला निघते. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. दोन्ही पालख्यांचा पुण्यात मुक्काम असतो. तिथून माउलींचा पुढचा टप्पा दिवे घाटातून सासवडला, सुमारे ३० किलोमीटर, सर्वांत लांब. नवख्याने हाच निवडला तर पायाला फोड येणार. हडपसरपासून सुरुवात केली तरी घाट मिळतो. जुनी, पायाला सवय झालेली पादत्राणे, सुती मोजे, हलके इरले किंवा रेनकोट, आणि पाण्याची एक बाटली. रस्ता वाहनांना बंद असतो, परतीची सोय आधी पाहा.

रिंगण पाहायचे तर उभे रिंगण चांदोबाच्या लिंबाजवळ, गोल रिंगणे सोलापूर जिल्ह्यात. तीन तास आधी जागा धरा आणि अश्व धावत असताना आत शिरू नका. पूर्ण वारी करायची असेल तर दिंडीत नाव नोंदवा. भिशी भरली की जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक यांची सोय दिंडी करते. नंबरी दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे ठरलेले क्रम असतात, त्यांच्यामधे घुसून चालणे शिस्तीत बसत नाही. सगळे एकमेकांना "माउली" म्हणतात. तुम्हीही म्हणा, वाट लगेच मिळते.

एकादशीच्या दिवशी पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग कित्येक तासांची असते. मुखदर्शनाची वेगळी रांग आहे. बहुतेक वारकरी चंद्रभागेत स्नान करून कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात.

येवल्यात पैठणी घेताना हातमागाची कशी ओळखायची?

पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत मोर, मुनिया, आसावली दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्क रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क पाहा. जर चांदीची आहे की साधी, ते बिलावर लिहून घ्या. पदर भरगच्च असेल तर विणायला महिने लागतात, म्हणून चार हजारांत "अस्सल हातमाग, ब्रोकेड पदर" कोणी देत असेल तर पुढच्या दुकानात जा.

एसटीने फिरणे परवडते का?

सर्वांत जास्त परवडते. महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धे तिकीट; वयाचा पुरावा म्हणून ओळखपत्र जवळ हवे. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. 'आवडेल तेथे प्रवास' पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एकच अडचण: किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांना दिवसाला दोन-तीनच गाड्या, आणि शेवटची बऱ्याचदा संध्याकाळी लवकर सुटते. गावात उतरल्या उतरल्या चढायला लागू नका; आधी कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा.